एसीवर लिहिलेलं ‘१०० टक्के कॉपर’ नेमकं कुठपर्यंत खरं असतं?

कासू हे नाव तुम्ही बहुतेक मुंबई-गोवा हायवेच्या बातम्यांमध्ये वाचलं असेल. पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर, असे त्या रखडलेल्या कामाचे दोन टप्पे. पेण सोडून नागोठण्याकडे निघालात की मध्ये लागतं ते आमचं गाव. मी नोकरीसाठी पुण्यात असतो, पण घर तिथेच आहे. आई, बाबा आणि आजी तिथे राहतात.

एप्रिल २०२४ मध्ये आम्ही घरात पहिला एसी बसवला. आजीचं म्हणणं होतं, ‘पंखा आहे की, कशाला खर्च?’ पण त्याच्या आदल्याच वर्षी, १६ एप्रिल २०२३ ला, खारघरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण गेले होते. आमच्या भागातून त्या कार्यक्रमाला गेलेले कितीतरी जण होते. ऐंशीच्या घरातल्या माणसासाठी उन्हाळ्यात एक थंड खोली ही आता चैन राहिलेली नाही, हे तेव्हा सगळ्यांनाच पटलं. दीड टनाचा, आर-३२ गॅसचा एसी घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘१०० टक्के कॉपर’.

दुसऱ्या उन्हाळ्यात कूलिंग कमी झालं. टेक्निशियन आला, ‘गॅस संपलाय’ म्हणाला, भरून गेला. दीड महिन्यात पुन्हा तेच. तेव्हा तो बाबांना म्हणाला, ‘काका, ॲल्युमिनियमवालं मशीन घेतलंत ना, ते असंच लीक होणार.’ बाबांनी मला फोन केला. मी खोक्याचा फोटो शोधून काढला. कॉपरच तर लिहिलंय! मग खोटं कोण बोलतंय?

गंमत म्हणजे, खोटं कोणीच बोलत नव्हतं. आणि या एका गोंधळात एसीच्या पाइपचं अख्खं राजकारण आणि विज्ञान दडलेलं आहे. या उन्हाळ्यात तुम्ही एसी घेणार असाल तर ते समजून घ्या, कारण बाजार नेमका याच मुद्द्यावर बदलतोय.

पाइपमध्ये असतं तरी काय?

आधी एक गैरसमज काढून टाकू. एसीचा गॅस पेट्रोलसारखा ‘संपत’ नाही. तो बंद वर्तुळात फिरतो. आतल्या युनिटमध्ये द्रवाची वाफ होताना खोलीतली उष्णता उचलतो, बाहेरच्या युनिटमध्ये वाफेचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर टाकतो. वर्तुळ सलग असेल तर तोच गॅस वर्षानुवर्षं चालतो. गॅस कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता टायरमध्ये हवा भरणं.

आता दाब बघा. गाडीच्या टायरमध्ये साधारण २ ते अडीच बार हवा असते. भर उन्हात बाहेरच्या युनिटमधला आर-३२ जेव्हा ५० अंशांना द्रव होत असतो, तेव्हा त्याचा दाब ३० बारच्या आसपास असतो. जुन्या आर-२२ गॅससाठी याच तापमानाला तो २० बारच्या आत असायचा. म्हणजे नव्या गॅसने पाइपवरचा भार दीडपटीहून जास्त वाढवलाय. त्यात काँप्रेसरमधून बाहेर पडणारा गॅस चांगलाच गरम असतो आणि त्याच्यासोबत तेलही फिरतं. म्हणून इथे साधा प्लास्टिक पाइप चालत नाही. धातूच लागतो, आणि तो वाकवता येईल असा लागतो.

तांबं या कामात शंभर वर्षांपासून टिकून आहे, कारण ते हाताने वाकतं, टोक पसरवून फ्लेअर करता येतं, आणि गावातला मेकॅनिकही साध्या टॉर्चने ते जोडू शकतो. तांबं वितळतं १०८५ अंशांना, त्यामुळे जोडाचा मसाला वितळेपर्यंत पाइपला काही होत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या नेहमीच्या ब्रेझिंगचा मसाला ५८० च्या आसपास. म्हणजे चूक करायला जेमतेम ८० अंशांची जागा. शिवाय ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही. आत्ता ठीक दिसतंय म्हणता म्हणता भोक पडतं. कारखान्यात भट्टीमध्ये हे काम उत्तम होतं, शिडीवर उभं राहून करणं अवघड.

मग कंपन्या ॲल्युमिनियमकडे का वळतायत?

कारण सरळ आहे, पैसा. लंडन मेटल एक्स्चेंजवर तांब्याने मे २०२४ मध्ये टनामागे ११ हजार डॉलरचा आकडा ओलांडला. डिसेंबर २०२५ मध्ये १२ हजारांचाही. इलेक्ट्रिक गाड्या, डेटा सेंटर, वीजवाहिन्या, सगळ्यांनाच तांबं हवंय. मे २०२४ मध्ये ॲल्युमिनियमचा टन तीन हजार डॉलरच्या आत होता. वर ॲल्युमिनियम वजनाने तांब्याच्या एक तृतीयांशाहूनही हलकं. म्हणजे तेवढ्याच आकाराचा पाइप बनवायला कच्च्या मालाचा खर्च दहा पटींहून जास्त खाली येतो.

भारताची अडचण आणखी वेगळी आहे. मे २०१८ मध्ये तुतिकोरिनचा स्टरलाइट कॉपर प्रकल्प बंद झाला आणि तांबं निर्यात करणारा आपला देश आयात करणारा झाला. २०२४ मध्ये मुंद्रा इथे अदाणींचा कच्छ कॉपर प्रकल्प सुरू झाला, पण मागणीही त्याच वेगाने पळतेय. सरकारने २०२१ मध्ये एसी आणि एलईडीच्या सुट्या भागांसाठी ६,२३८ कोटी रुपयांची पीएलआय योजना आणली. तांब्याच्या नळ्या इथेच बनाव्यात हाही तिचा एक हेतू होता.

त्यात दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि १ जानेवारी २०२६ पासून बीईईचे स्टार रेटिंगचे नियम कडक झाले. कालचा फाइव्ह स्टार आज फाइव्ह स्टार राहिलेला नाही. विजेची बचत वाढवायचा एक खात्रीचा उपाय म्हणजे कॉइल मोठी करणं. मोठी कॉइल म्हणजे जास्त नळ्या, म्हणजे जास्त तांबं. एकीकडे धातू महाग, दुसरीकडे तो जास्त लागणार, आणि गिऱ्हाइकाला किंमत कमी हवी. या तिढ्यातून ॲल्युमिनियमचा रस्ता निघतो. तो येणार हे नक्की. प्रश्न एवढाच आहे की तो आपल्याला सांगून येणार की गुपचूप.

आमच्या घरी तो गुपचूप आला होता.

टेपच्या आत काय निघालं

तिसऱ्या वेळी मी स्वतः घरी होतो. नागोठण्याहून दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने गॅसच्या सिलिंडरला हातच लावला नाही. साबणाचा फेस करून जोडांवर लावला. बाहेरच्या युनिटला जिथे पाइप नटने जोडला होता, तिथे बारीक बुडबुडे आले. मग त्याने पाइपवरची पांढरी टेप कापली. आत चंदेरी पाइप, आणि नटाच्या कडेला पांढरी भुकटी.

‘दादा, मशीन कॉपरचंच आहे. किट ॲल्युमिनियमचं टाकलंय.’

इथे सगळा उलगडा झाला. खोक्यावरचं ‘१०० टक्के कॉपर’ हे मशीनच्या कॉइलबद्दल होतं. आतलं आणि बाहेरचं युनिट जोडणारा तीन-चार मीटरचा पाइप हा वेगळा असतो. तो बसवणारा माणूस आणतो. आमच्या बिलावर फक्त ‘पाइप किट’ लिहिलं होतं. कोणता धातू, किती जाड, काहीच नाही. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. वाचले असतील दीड हजार रुपये, आणि तेही कोणाचे वाचले हे मला आजही माहीत नाही. दोन वेळा गॅस भरण्यात आमचे साडेपाच हजार गेले.

ती पांढरी भुकटी म्हणजे काय? तुमच्या फोनच्या बॅटरीचंच एक गावठी रूप. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले, मध्ये खारट ओलावा, की झाली बॅटरी तयार. त्यातला एक धातू झिजतो. पितळी नट आणि ॲल्युमिनियमचा पाइप या जोडीत नेहमी ॲल्युमिनियमच झिजतं. कोरड्या विदर्भात ही झीज हळू चालली असती. आमच्याकडे एका बाजूला अंबा नदीची खाडी, खारेपाट, आणि चार महिने न थांबणारा पाऊस. त्यात तो जोड उघड्यावर आणि टेप अर्धवट. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त फुगतं, थंड झाल्यावर जास्त आकसतं. रोजच्या चालू-बंदमध्ये नटाची पकड थोडी थोडी सैल होते.

पण मग ॲल्युमिनियम वाईटच ना?

नाही, आणि इथेच मला पहिल्या टेक्निशियनशी भांडायचंय. तुम्ही ज्या कारमधून फिरता तिच्या एसीचा कंडेन्सर ॲल्युमिनियमचाच असतो. रस्त्यावरचा चिखल, पाऊस, हादरे, सगळं सोसून तो वर्षानुवर्षं चालतो. आणि ज्या एसीवर ‘१०० टक्के कॉपर’ लिहिलंय, त्याच्या मागे टॉर्च मारून बघा. नळ्यांवर त्या निळ्या किंवा सोनेरी बारीक पट्ट्या दिसतात ना, फिन्स, त्या बहुतेक सगळ्याच एसींमध्ये ॲल्युमिनियमच्या असतात. म्हणजे कॉइलसुद्धा पूर्ण तांब्याची नसते! ‘१०० टक्के’ हे फक्त नळीपुरतं. समुद्रकाठच्या जुन्या एसीच्या फिन्स हाताला लागताच भुगा होतात आणि आतली तांब्याची नळी मात्र शाबूत असते, ते याच बॅटरीमुळे. निळा-सोनेरी थर हा शोभेचा नसतो, ही झीज लांबवण्यासाठी असतो.

आणखी एक वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं, ‘तांबं उष्णता दुपटीने जास्त वाहून नेतं, म्हणून कूलिंग जास्त.’ वाक्याचा पहिला भाग जवळपास बरोबर आहे, दुसरा फसवा. कॉइलच्या नळीची भिंत असते मिलिमीटरच्या काही भागाएवढी. तेवढ्या अंतरात दोन्ही धातू उष्णता सहज पार करतात. खरा अडथळा असतो तो धातूकडून हवेकडे उष्णता जाताना, म्हणून तर फिन्स लागतात. आणि दोन युनिटना जोडणाऱ्या पाइपमध्ये तर आपल्याला उष्णता आत-बाहेर जायलाच नको असते. म्हणूनच त्याच्यावर काळा रबरी फोम चढवतात. तिथे कोणता धातू उष्णता किती नेतो हा प्रश्नच गैरलागू आहे. तिथे प्रश्न आहे तो जोड, जाडी आणि गंज यांचा.

तांब्यालाही शत्रू आहेतच. गटाराजवळ किंवा खाडीच्या चिखलातून येणारा, सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळं पाडतो आणि खातो. नवं फर्निचर, प्लायवूडचा गोंद, काही क्लीनर यांतून सुटणारी फॉर्मिक आणि ॲसेटिक ॲसिडं तांब्यात मुंगीच्या वारुळासारखी डोळ्यांना न दिसणारी बिळं पाडतात. एकच धातू सगळीकडे जिंकतो असं नाही.

घर मोठं, इमारत मोठी, तर उत्तर वेगळं

पुण्यात माझ्या ऑफिसच्या इमारतीत प्रत्येक खोलीत गॅस फिरत नाही. तळघरात चिलर पाणी साधारण ७ अंशांपर्यंत थंड करतो आणि ते पाणी मजल्यामजल्यावर फिरतं. तिथे पाइप लोखंडी, जाड, वर फोम. पाण्याचा दाब गॅसच्या मानाने बराच कमी, त्यामुळे इथे प्लास्टिकही शर्यतीत येतं. पीपीआर आणि एचडीपीई पाइप गंजत नाहीत, हलके असतात, वितळवून एकसंध जोडता येतात. मजा म्हणजे या पाइपांचं कूळ आमच्या शेजारचंच. नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात, म्हणजे पूर्वीच्या आयपीसीएलमध्ये आणि आताच्या रिलायन्समध्ये, पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे दाणे बनतात.

गरम पाण्याला मात्र प्लास्टिक जपून निवडावं लागतं. छतावरच्या सोलर हीटरचं पाणी ६० अंशांच्या वर सहज जातं. साधा पीव्हीसी तिथे मऊ पडतो. सीपीव्हीसी किंवा पीपीआर हवा. आणि प्लास्टिक फुगतं किती, हे कोणी सांगत नाही. १० मीटर लांबीचा पाइप ४० अंशांनी तापला तर तांबं साधारण ७ मिलिमीटर लांबतं. साधा पीपीआर तेवढ्यालाच सुमारे ६० मिलिमीटर, म्हणजे चार बोटं! त्याला वळणं आणि सरकायला जागा दिली नाही तर तो क्लॅम्प उखडतो किंवा जोडाला तडा जातो. लोखंडी जीआय पाइप फारसा फुगत नाही, पण बोअरच्या जड पाण्यात आतून क्षार धरतो.

थोडक्यात, ‘सगळ्यात चांगला पाइप कोणता’ हा प्रश्नच चुकीचा आहे. आत काय फिरतंय, किती दाबाने, किती गरम, बाहेर हवा कशी आहे आणि बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, हे पाच प्रश्न विचारा. उत्तर आपोआप येतं.

एसी बसवताना एवढं करा

१. ‘कॉपर आहे का’ असं मोघम विचारू नका. तीन वेगळे प्रश्न विचारा. आतली कॉइल कशाची? बाहेरची कॉइल कशाची? जोडपाइप कशाचा?

२. बिलावर जोडपाइपचा धातू, लांबी आणि जाडी लिहून घ्या. तांब्याची जाडी साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. एसीसाठीच्या तांब्याच्या नळीचं भारतीय मानक आहे आयएस १०७७३.

३. टेप गुंडाळण्याआधी पाइपच्या दोन्ही टोकांचा फोटो काढा. फोन हातात असतोच. टोकाला तांबं आणि मधे ॲल्युमिनियम अशी किटही मिळतात, म्हणून मधला भागही बघा.

४. गॅस सोडण्याआधी व्हॅक्यूम पंप लावायला सांगा. ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ हे चालवून घेऊ नका. पाइपमध्ये राहिलेला ओलावा मशीन आतून खराब करतो.

५. कोकणात असाल तर जोडपाइप तांब्याचाच घ्या, बाहेरच्या कॉइलवर गंजरोधक थर आहे का ते विचारा, आणि पावसाळ्यानंतर वीज बंद करून बाहेरची कॉइल साध्या पाण्याने हलकेच धुवा. मीठ निघून जातं.

६. गॅस कमी झाला तर आधी गळती दाखवा म्हणावं, मग गॅस. हा फक्त खिशाचा प्रश्न नाही. एक किलो आर-३२ हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. शिवाय तो थोडाफार ज्वलनशीलही आहे, बंद खोलीत तर गळती नकोच.

लेबलवर एक ओळ कमी आहे

आपल्याकडे एसीवर स्टार लेबल असतं. वीज किती लागेल ते त्यावर कळतं. पण कॉइल कोणत्या धातूची, किनारपट्टीच्या हवेसाठी थर दिलाय की नाही, किटमध्ये काय आहे, हे त्या लेबलवर कुठेच नसतं. गळका फाइव्ह स्टार एसी हा फाइव्ह स्टार राहत नाही. गॅस कमी झाला की काँप्रेसर जास्त वेळ धावतो आणि लेबलवरची सगळी बचत बिलात वाहून जाते. म्हणजे धातू आणि जोड हा सुद्धा वीजबचतीचाच भाग आहे. मग तो लेबलवर का नको? मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत खारट हवेत राहणाऱ्यांसाठी ही माहिती स्टारइतकीच महत्त्वाची आहे.

ॲल्युमिनियम बाजारात येऊ दे, माझी हरकत नाही. कारखान्यात नीट जोडलेलं, थर दिलेलं, योग्य जागी वापरलेलं ॲल्युमिनियम चांगलं काम करतं, आणि त्यामुळे एसी स्वस्त होऊन आणखी चार घरांत पोचणार असेल तर उत्तमच. हरकत आहे ती टेपखाली लपवण्याला.

आमच्या घरी आता तांब्याचा जोडपाइप आहे. नवं किट, नवे नट, व्हॅक्यूम, पुन्हा गॅस, असा खर्च झाला. बाबांनी त्या बिलावर मेकॅनिककडून स्वतः लिहून घेतलं, ‘तांबे, ४ मीटर, ०.८’. त्याच्या फोटोंसकट ते बिल मी फोनमध्ये ठेवलंय. आजी अजूनही म्हणते पंखा पुरला असता. पण दुपारी जेवण झालं की न सांगता त्याच खोलीत जाऊन झोपते.